बंद पडलेली गाडी विकताना

बंद गाडी बघायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न एकच असतो: ‘काय झालंय हिला?’ त्यावर ‘काय माहीत, एक दिवस अचानक बंद पडली’ असं उत्तर आलं की तो मनातल्या मनात इंजिनाचं पूर्ण काम धरतो आणि भाव तिथूनच सुरू करतो. प्रत्यक्षात बिघाड एखाद्या रिलेचा, म्हणजे विजेच्या छोट्या स्विचचा, निघू शकतो. पण जे कळलेलं नाही त्याची किंमत घेणारा नेहमी जास्तीत जास्त खर्चाचीच लावतो. म्हणून जाहिरात टाकण्याआधी अर्धा दिवस काढून गाडी नेमकी कशाने बंद आहे ते शोधा. दुरुस्त करायची गरज नाही, शोधायचं फक्त.

एक अपवाद आधीच सांगून ठेवतो. गाडी पाण्यात जाऊन बंद पडली असेल किंवा इंजिन तापून बंद पडलं असेल, तर ‘एकदा बघू तरी’ म्हणून सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळे स्पार्क प्लग काढून मगच सेल्फ मारायचा. पाणी असेल तर प्लगच्या भोकांतून फवारा उडतो, तेव्हा तोंड लांब ठेवा.

बिघाड ओळखण्याचा क्रम

सुरुवात बॅटरीपासून. महिनोन्‌महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असणारच, त्यामुळे ती उतरलेली असताना केलेल्या कुठल्याच तपासणीला अर्थ नाही. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून टर्मिनलला लावा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी गेली किंवा टर्मिनल खराब आहेत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साठली असेल तर ती आधी साफ करा. निम्म्या ‘बंद’ गाड्या एवढ्यावरच बोलायला लागतात असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण काही नक्की लागतात.

दुसऱ्या गाडीवरून जंप देताना क्रम चुकवू नका. लाल केबल आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला. काळी चालू गाडीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीजवळ नको. जोडल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. आणि कान देऊन ऐका, कारण पुढचं निम्मं निदान आवाजावरच होतं.

टक-टक-टक-टक असा भराभर आवाज येतो तेव्हा करंट अपुरा पडतोय. पुन्हा बॅटरी, टर्मिनल आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी बघा. एकच जोरात ‘टक्’ आणि पुढे शांतता, तर स्टार्टर (सेल्फची मोटर) गेलाय किंवा इंजिनच जाम आहे. या दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक, म्हणून इथे अंदाज बांधू नका, हाताने फिरवून बघा. गिअर न्यूट्रलला घ्या, मायनस टर्मिनल काढा, क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या खालच्या बाजूचं पट्ट्याचं चाक) बोल्टला सॉकेट लावा आणि लांब दांडा घेऊन इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा. बहुतेक इंजिनं पुलीकडून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. प्लग काढले असतील तर फारसा जोर लागत नाही. फिरलं, तर संशय स्टार्टरवर. अर्ध्या मीटरच्या दांड्यानेही जागचं हललं नाही, तरी लगेच ‘इंजिन सीझ’ असं जाहीर करू नका. आधी बाहेरचा पट्टा उतरवून पुन्हा बघा; अल्टरनेटर किंवा एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला तरी पट्ट्यामुळे इंजिन अडून बसतं. तरीही हललं नाही तर प्रत्येक प्लगच्या भोकातून थोडं गंज सोडवणारं तेल सोडा आणि एक-दोन दिवस मुरू द्या. नुसती उभी राहून गंजलेली पिस्टनची रिंग अशी सुटते. तेल संपून बेअरिंग चिकटलेलं इंजिन मात्र सुटत नाही.

काहीच आवाज नाही, दिवे मात्र लख्ख? ऑटोमॅटिक असेल तर गिअर ‘पार्क’मध्ये नीट बसलाय का, मॅन्युअल असेल तर क्लचखालचा स्विच काम करतोय का, हे बघा. त्यानंतर इग्निशन स्विच आणि स्टार्टरचा रिले. रिलेच्या पेटीत सारख्या नंबरचे दोन-तीन रिले असतात. हॉर्नचा काढून तिथे लावून बघणं ही एका मिनिटाची तपासणी आहे.

सेल्फ नेहमीच्या लयीत फिरतोय पण गाडी पकडत नाही, हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. चावी ‘ऑन’ला नेऊन कान मागच्या सीटकडे द्या: बऱ्याच पेट्रोल गाड्यांत दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते. आली नाही तर फ्यूज, रिले, पंप याच क्रमाने जा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी उचलतोय का? बऱ्याच गाड्यांत तो शून्यावरच मेल्यासारखा पडून राहिला तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे ओळखणाऱ्या सेन्सरवर) संशय घ्यायचा. डॅशवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर बहुधा इंजिनात काही बिघडलेलं नसतं, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखत नाही. दुसरी चावी शोधा. आणि गाडी सहा महिन्यांच्या वर उभी असेल तर टाकीचं झाकण उघडून वास घ्या. पेट्रोल शिळं झालं की त्याला वॉर्निशसारखा उग्र वास येतो. त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतलं पाणीही ओढून घेतं.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भराभर, लय नसलेला फिरतोय, म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नाही. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात चालवणारा पट्टा) तुटला असण्याची शक्यता मोठी. बऱ्याच इंजिनांत बेल्टचं वरचं कव्हर दोन-तीन क्लिपांवर असतं, ते बाजूला करून बेल्ट बघता येतो. चेन असलेल्या इंजिनात तेल भरायचं झाकण काढून आत टॉर्च मारा आणि कोणाला तरी क्षणभर सेल्फ मारायला सांगा. आतला कॅम दिसत असेल आणि हलत नसेल, तर उत्तर मिळालं. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात. म्हणजे खर्च नुसत्या बेल्टचा राहत नाही, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं. हे घेणाऱ्यालाही माहीत असतं.

तापून बंद पडलेल्या गाडीत तेलाच्या झाकणाच्या आत बघा. पिवळट-पांढरी साय धरली असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) तेलात गेल्याचा संशय घ्या, पण एकट्या झाकणावर जाऊ नका: थंडीत कमी अंतर चाललेल्या गाडीतही वाफेमुळे झाकणाखाली थोडी साय धरते. डिपस्टिकवरचं (तेल मोजायच्या पट्टीवरचं) तेलही तसंच दुधाळ असेल तर हेड गॅस्केट गेलं असं धरायला हरकत नाही.

एवढं झाल्यावर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. सॉकेट सोळा पिनांचं, साधारण स्टिअरिंगच्या खाली असतं. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी००८७ म्हणजे इंधनाचा दाब कमी, पी०३०० ते पी०३०४ म्हणजे मिसफायर. कोड दिशा दाखवतो, पार्ट दाखवतो असं नाही. सेन्सरचा कोड पुष्कळदा उंदराने कुरतडलेल्या वायरमुळे येतो. स्क्रीनचा फोटो काढा आणि कोड पुसू नका. पुसले तर घेणाऱ्याच्या स्कॅनरला तपासण्या नुकत्याच शून्यावर आणल्याचं दिसतं, आणि मग तुमच्या कुठल्याच बोलण्यावर त्याचा विश्वास राहत नाही.

पेट्रोल इंजिन असेल आणि दाब मोजायचं गेज मिळत असेल तर कॉम्प्रेशनही घ्या. सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, प्रत्येक सिलिंडरला चार-पाच फेरे. साधारण १० ते १३ बार यावेत, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा: तो १५ टक्क्यांच्या वर गेला की काहीतरी आहे. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट बघा. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, वाढला नाही तर व्हॉल्व्ह. डिझेलच्या भानगडीत पडू नका; तिथला दाब दुपटी-तिपटीने जास्त असतो, गेज आणि अ‍ॅडॅप्टर वेगळे लागतात, ते गॅरेजवाल्याला करू द्या.

शेवटी एखाद्या गॅरेजकडून दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या, सुट्या भागांची आणि मजुरीची रक्कम वेगळी लिहून. भाव ठरवताना हा एक कागद तुमच्या दहा वाक्यांचं काम करतो.

दुरुस्त करावी की तशीच विकावी

बॅटरी, रिले, क्रँक सेन्सर, स्टार्टर, फ्युएल पंप यांपैकी एकानेच गाडी चालू होणार असेल तर करून टाका. चालू होऊन चार मीटर पुढे-मागे जाणारी गाडी आणि ढकलावी लागणारी गाडी, यांना येणारी गिऱ्हाइकंच वेगळी. इंजिनाचं काम, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा ‘हे केलं की कळेल पुढे काय’ अशा जातीचा बिघाड असेल तर हात लावू नका. त्या खर्चातला थोडाच भाग विक्रीत परत येतो.

सगळ्यात वाईट विकली जाते ती अर्धी उघडलेली गाडी. हेड उतरवून डिकीत ठेवलंय, बोल्ट पिशवीत आहेत, ‘सगळं आहे, फक्त बसवायचंय’. घेणारा त्या पिशवीकडे बघतो आणि चार बोल्ट हरवलेलेच असणार असं धरून चालतो. बहुधा त्याचं बरोबर असतं. उघडायची असेल तर पूर्ण काम करायच्या तयारीने उघडा.

भाव कसा काढायचा

घेणारे तीन प्रकारचे. दुरुस्त करून वापरणारा किंवा विकणारा, सुटे भाग काढणारा, आणि वजनावर घेणारा भंगारवाला. तिघांचा हिशोब वेगळा, म्हणून एकाच गाडीला तीन भाव येतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

दुरुस्त करणाऱ्याचा हिशोब असा चालतो. तुमचंच मॉडेल, तेच वर्ष, तेवढंच रनिंग, पण चालू अवस्थेत, याची किंमत १०० धरा. बिघाड माहीत आहे आणि लेखी अंदाज ३० चा आहे. तो न दिसलेल्या खर्चासाठी आणखी १० धरतो, न्यायला ३, स्वतःचा नफा १७. उरले ४०. आता हीच गाडी बिघाड माहीत नसताना: इंजिनाचं काम ५०, अनपेक्षित १५, न्यायला ३, नफा १७. उरले १५. गाडी तीच, बिघाडही तोच. मधले २५ गेले ते फक्त माहिती नसल्यामुळे. भंगारात तिचे १२ येत असतील तर दुसऱ्या हिशोबातला माणूस तुम्हाला भंगारापेक्षा जेमतेम थोडं जास्त देतोय.

म्हणून भंगाराचा भाव सगळ्यात आधी काढून ठेवायचा, खालची रेघ म्हणून. गाडीचं स्वतःचं वजन मॅन्युअलमध्ये सापडतं. छोटी हॅचबॅक ८०० ते १,००० किलो, सेडान ११०० ते १४००, मोठी एसयूव्ही १८०० च्या पुढे. यातला साधारण दोन तृतीयांश भाग लोखंड-पोलाद. फोनवर भाव विचारताना एवढं स्पष्ट करून घ्या: किलोचा दर अख्ख्या गाडीवर आहे, की टायर, काच, सीट, प्लास्टिक यांची ‘कट’ वजा करून? दर जास्त सांगून वजनात कापणं ही या धंद्यातली जुनी सवय. वजन काट्यावर दोनदा व्हायला हवं, गाडी लादलेला ट्रक आणि गाडी उतरवलेला तोच ट्रक. दोन्ही पावत्या मागा.

काही वस्तू लोखंडाच्या भावात जाऊ देऊ नका. लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२ ते २० किलोची असते आणि त्यात निम्म्याहून जास्त शिसं. अलॉय व्हील प्रत्येकी ७ ते १० किलो अ‍ॅल्युमिनियम. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर: इंजिन आणि सायलेन्सरच्या मधला तो फुगीर डबा. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा थर, मोजून काही ग्रॅमचा. वजनावर बघितलं तर काहीच नाही, पण जुन्या गाडीत पुष्कळदा सगळ्यात महाग वस्तू हीच निघते. कंपनीचा मूळ कन्व्हर्टर आणि बाहेरून बदललेला, यांत धातूचं प्रमाण खूप वेगळं असतं, म्हणून त्याच्या आवरणावर कोरलेल्या नंबराचा फोटो काढून ठेवा. गाडी बेवारस उभी असताना तो चोरीला जाणंही नवीन नाही, तेव्हा सौदा करण्याआधी खाली वाकून बघा आहे ना. नसेल तर फोनवरच सांगा. दारात ट्रक आल्यावर सांगितलं तर भाव दुप्पट कापला जाईल.

सुटे भाग करून विकायचं असेल तर

जास्त पैसे येतात हे खरं, पण जागा, हत्यारं आणि महिनाभराच्या संध्याकाळी हाताशी असतील तरच. गिअरबॉक्स, अल्टरनेटर, हेडलाइट, दारं, अलॉय, म्युझिक सिस्टिम लवकर जातात. ईसीयू (इंजिनाचा संगणक), इमोबिलायझर आणि चावी मात्र एकत्र सेट म्हणून विका. सुटा ईसीयू दुसऱ्या गाडीत नुसता बसवून चालत नाही. मागे उरलेला सांगाडा कोणी आनंदाने न्यायला येत नाही, हे गणितात धरा. एअरबॅगला हात लावू नका, त्यात स्फोटक चार्ज असतो आणि बॅटरी काढल्यावरही काही मिनिटं सिस्टिममध्ये करंट साठलेला असतो. एसीचा गॅस मोकळा सोडू नका, तो यंत्राने काढून घ्यायचा असतो. इंजिन ऑइल ३ ते ५ लिटर निघेल, कूलंट ५ ते ८. झाकणाच्या कॅनमध्ये भरा. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी. उघड्या तसराळ्यात ठेवलं तर गल्लीतलं मांजर किंवा कुत्रं पिऊन मरतं.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिकबद्दल थोडक्यात: पूर्ण मेल्यासारखी दिसणारी इलेक्ट्रिक गाडी बऱ्याचदा फक्त १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरल्यामुळे तशी दिसते, ती आधी तपासा. केशरी (मोठ्या व्होल्टेजच्या) केबलच्या जवळ जाऊ नका. मोठ्या बॅटरीची किती टक्के क्षमता उरली आहे याचा रिपोर्ट सर्व्हिस सेंटरकडून घ्या. अशा गाडीची किंमत जवळजवळ त्या एका आकड्यावर ठरते.

जाहिरात

गाडी धुवा. बंद आहे म्हणून धुळीत विकायची असं काही नाही; काचेवर बोटाने लिहिता येईल एवढी धूळ म्हणजे ‘दोन वर्षं कोणी ढुंकून बघितलं नाही’. टायरमध्ये हवा भरा. फोटो घ्या: चारी बाजू, आतली सीट, डॅशबोर्ड, डिकी, बॉनेट उघडून इंजिन, चारही टायर, खालचा गंज, आणि प्रत्येक पोच जवळून. डिजिटल मीटरवरचं रनिंग बॅटरीशिवाय दिसत नाही, म्हणून फोटोपुरती बॅटरी जोडा. सेल्फ मारतानाचा अर्ध्या मिनिटाचा आवाजासकट व्हिडिओ टाका. जाणकार मेकॅनिक तो ऐकून फोन करतो आणि अजाण माणसाचा एक फेरा वाचतो.

मजकूर असा असावा:

‘पेट्रोल, मॅन्युअल, एकच मालक. चालू स्थितीत नाही. टायमिंग बेल्ट तुटला, सेल्फ फिरतो, गाडी पकडत नाही. हेड उघडलेलं नाही. गॅरेजचा लेखी अंदाज दाखवू. बॅटरी नवीन, गिअरबॉक्स बंद पडेपर्यंत नीट होता, एसी बंद आहे. डाव्या मागच्या दाराला पोच, खालच्या पट्टीला गंज. दोन चाव्या. कागदपत्रं पूर्ण, कर्ज नाही. टायरमध्ये हवा आहे, ब्रेक मोकळे, ढकलून ट्रकवर चढते. ट्रक घेणाऱ्याचा.’

पाण्यात गेलेली असेल तर तेही लिहा. सीटच्या पट्ट्याला शेवटपर्यंत ओढून बघितलं की चिखलाची रेघ दिसते आणि प्रत्येक अनुभवी घेणारा तिथेच बघतो. ‘थोडंसं काम आहे’, ‘मेकॅनिकला पाच मिनिटांचं’ हे शब्द मात्र गाळा. पाच मिनिटांचं असतं तर तुम्हीच केलं नसतं का, हा प्रश्न येणारच.

कागद आधी, गिऱ्हाईक नंतर

गाडी चालत नसली तरी कायद्याच्या नजरेत ती गाडीच आहे आणि मालक तुम्ही आहात. नोंदणीचा कागद हरवला असेल तर दुसरी प्रत आधी काढा. कर्ज फिटलं असेल पण कागदावर अजून सावकाराचं नाव असेल, तर ते काढल्याशिवाय नाव हस्तांतर होत नाही. मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या आणि दाखले. कर, दंड थकले असतील तर ते कोण भरणार हे भावाच्या वेळीच ठरवा.

चासी नंबर गाडीवरचा आणि कागदावरचा अक्षर-अक्षर ताडून बघा. बहुतेक गाड्यांत तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात ‘आय’, ‘ओ’, ‘क्यू’ ही इंग्रजी अक्षरं कधीच वापरत नाहीत, म्हणजे ‘ओ’ वाटतो तो शून्य. गंजाने नंबर वाचता येत नसेल तर तारेच्या ब्रशने हळू साफ करा. ग्राइंडर मुळीच नको, खाडाखोड केल्याचा संशय येतो.

विक्रीचा करार साध्या कागदावर का होईना, पण असू द्या. दोघांची नावं-पत्ते, ओळखपत्राची प्रत, चासी आणि इंजिन नंबर, मीटरचं रनिंग, किंमत, माहीत असलेले बिघाड एकेक करून, ‘आहे त्या स्थितीत, कुठल्याही हमीशिवाय’ हे वाक्य, आणि तारखेबरोबर वेळ. वेळ यासाठी, की त्याच संध्याकाळी ती गाडी कुठे काही करून बसली तर ती तुमच्या ताब्यात नव्हती हे दाखवता यावं. बिघाड लिहून दिले की ‘सांगितलं नव्हतं’ हे भांडण पुढे उभंच राहत नाही.

हस्तांतराच्या फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवून सही करू नका. ‘पुढचा गिऱ्हाईक मिळाला की त्याच्या नावावर करतो’ असं म्हणणारा दलाल गाडी तीन हातांतून फिरवतो आणि तोवर दंडाच्या पावत्या तुमच्या नावावर येत राहतात. भंगारात देत असाल तर गाडी मोडल्याचा दाखला मिळेल का हे आधी विचारा आणि नोंदणी रद्द झाल्याचं स्वतः तपासा.

सौदा आणि पैसे

फोनवर एक भाव आणि ट्रक दारात आल्यावर दुसरा, हा सगळ्यात नेहमीचा डाव. ‘एवढा गंज सांगितला नव्हता’, ‘इंजिन हलत नाही’. यावर उपाय म्हणजे भाव मेसेजवर लेखी घेणं, फोटो आधी पाठवलेले असणं आणि ‘मग राहू द्या’ म्हणायची तयारी. ट्रक रिकामा परत नेणं त्यालाही परवडत नाही. दुसऱ्या घेणाऱ्याचा नंबर हाताशी असेल तर हे वाक्य सहज तोंडातून निघतं.

ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक देऊन ‘वरचे पैसे ट्रकवाल्याला द्या’ म्हणणारा फसवा असतो. चेक नंतर परत येतो, तुमचे पैसे गेलेले असतात. न बघता, घासाघीस न करता लगेच घेतो म्हणणाराही त्यातलाच समजा. पैसे यायला तुम्हाला पासवर्ड किंवा ओटीपी द्यावा लागत नाही. ट्रान्सफरचा फोटो दाखवला म्हणजे पैसे आले असं होत नाही. तुमच्या खात्यात तुम्ही बघा, मग चावी. इसार घेतला तर तो कधीपर्यंत आणि सौदा मोडला तर काय, हे दोन ओळींत लिहा.

गाडी जागेवरून हलवणं

इथे शेवटच्या दिवशी तारांबळ उडते. उभ्या गाडीचे ब्रेक ड्रमला किंवा डिस्कला गंजून चिकटतात. दोन-तीन दिवस आधी हँडब्रेक सोडून, चाकांना दगड लावून, गाडी थोडी पुढे-मागे ढकलून बघा. ड्रम चिकटला असेल तर चाक काढून ड्रमच्या कडेने हातोडीने ठोकल्यावर सहसा सुटतो. टायर गेलेच असतील तर ट्रकवाल्याला आधी सांगा, तो चाकाखाली घालायच्या ट्रॉल्या आणेल.

स्टिअरिंग लॉक सोडायला चावी लागते. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर करंटशिवाय तो सुटत नाही. ऑटोमॅटिक गाडी बॅटरी नसताना ‘पार्क’मधून निघत नाही, गिअरच्या दांड्याशेजारी बऱ्याच गाड्यांत एक छोटं झाकण असतं, त्याखाली स्क्रू-ड्रायव्हरने दाबायची खीळ सापडते. त्या दिवशी चार्ज केलेली बॅटरी किंवा जंप पॅक हाताशी ठेवला की यातल्या बहुतेक कटकटी मिटतात. ऑटोमॅटिक आणि फोर व्हील ड्राइव्ह गाडी टोचन करून, चाकं रस्त्यावर फिरवत लांब नेऊ नये. इंजिन बंद असताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल पोचत नाही आणि उरलासुरला चांगला पार्टही जळतो. सपाट ट्रकच मागवा.

ट्रक यायच्या आधी गाडीत शेवटचं डोकवा. सीटखाली, कप्प्यात, स्टेपनीच्या खोबणीत. टोलचा टॅग, पार्किंगचा पास, डॅशकॅमचं कार्ड, फाटकाचा रिमोट काढा. बॅटरी जोडून म्युझिक सिस्टिम फॅक्टरी रिसेट करा, कारण त्यात तुमचे फोन नंबर आणि ‘घर’ म्हणून पत्ता साठवलेला असतो. मोबाइल अ‍ॅपमधूनही गाडी काढून टाका. मग मायनस टर्मिनल दहा नंबरच्या पान्याने सोडवा. विमा आज बंद करू नका. हस्तांतराची नोंद झाल्याचं दिसेपर्यंत चालू ठेवा आणि मग उरलेल्या महिन्यांचा हप्ता परत मिळतो का ते कंपनीला विचारा.